चार फिती आणि एक जर्मन पत्रा

दोन वर्षांपूर्वीच्या गणेशोत्सवात, आपल्या मंडळाच्या आरतीनंतर प्रसाद वाटला जात असताना, विजयनगर सेकंड स्टेजमध्ये राहणाऱ्या एका काकूंनी मला बाजूस बोलावून घेतले. जुन्या लष्करी पदकांचा मला असलेला नाद मंडळात बहुतेकांना ठाऊक आहे. सरकारी नोकरीत बदल्यांच्या गावी इतर लोक साड्या आणि लोणची घेतात, हे गृहस्थ गंजलेले बिल्ले घेतात, अशी माझी ख्याती आहे. काकू हळूच म्हणाल्या, "भाऊ, आमच्या मामंजींचं जर्मनीचं पदक घरी आहे. एकदा येऊन पाहाल का?"

मी दुसऱ्याच दिवशी गेलो. मामंजी सातारा जिल्ह्यातले, मराठा पलटणीतले शिपाई. स्वर्गवासी होऊन त्यांना पुष्कळ वर्षे झाली. त्यांच्या ट्रंकेतून खाकी कापडावर शिवलेली चार रंगीत फितींची एक पट्टी निघाली. प्रत्यक्ष पदके मात्र नव्हती. ती एका अडचणीच्या वर्षी मोडीत गेल्याचे काकूंनी प्रांजळपणे सांगितले. "जर्मनीचे पदक" ट्रंकेत नव्हतेच. मामंजींनी ते हयातभर देव्हाऱ्याच्या खणात ठेवले होते आणि काकूंनीही ती जागा बदलली नव्हती. लाल फडक्यात गुंडाळलेला तो एक करड्या धातूचा आयताकृती पत्रा होता. मामंजी इटलीत होते, तेथे त्यांनी एका जर्मन अधिकाऱ्यास ठार करून हे पदक काढून घेतले, अशी हकीकत घरात सांगितली जात होती. धाकट्या नातवाने ती शाळेतल्या निबंधातही लिहिली होती.

हकीकत मुळीच अशक्य कोटीतली नव्हती. इटलीतील मोहिमेत मराठा लाइट इन्फंट्रीच्या जवानांनी जर्मनांशी निकराची झुंज दिली आहे. माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात एकटेच जर्मन मशीनगनच्या मोर्चावर धावून गेले. बंदुकीतील गोळ्या संपल्यावर तिचा दस्ता वापरून त्यांनी उरलेले दोघे शत्रू लोळविले, आणि जिंकलेल्या त्याच मोर्चात त्यांना वीरमरण आले. पुढच्या वर्षी ९ एप्रिलला सेनिओ नदीवर नगर जिल्ह्यातील निमजचे शिपाई नामदेव जाधव यांनी जखमी सोबत्यांना खोल पाण्यातून वाहून नेले, हात जखमी झाल्यावर बंदूक टाकून दिली आणि हातगोळ्यांनी मशीनगनची ठाणी बंद पाडली. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडग्यांना अर्थातच मरणोत्तर. अशा पलटणीतील माणसाच्या घरी एखादे जर्मन पदक सापडले, तर त्यात नवल कसले?

तथापि पदक ओळखण्याची एक शिस्त असते, आणि ती मी पदरमोड करून शिकलो आहे. जर्मनीचा आयर्न क्रॉस हा सन्मान प्रशियाचा राजा तिसरा फ्रेडरिक विल्यम याने १० मार्च १८१३ रोजी, नेपोलियनविरुद्धच्या युद्धात स्थापन केला. पुढे १८७०, १९१४ आणि १९३९ मध्ये त्याचे पुनरुज्जीवन झाले. म्हणूनच १९३९ च्या क्रूसाच्या पुढील बाजूस ते साल असते आणि पाठीमागे १८१३ असते. पाठीवरचे साल पाहून "सव्वाशे वर्षांनी अधिक जुना" असे सांगणारे विक्रेते मला भेटले आहेत. अस्सल क्रूस साधारणपणे तीन भागांचा असतो : मध्ये काळ्या रंगाचा लोखंडी गाभा आणि त्यास दोन्ही बाजूंनी धरणारी चंदेरी चौकट. गाभा लोखंडाचा, म्हणून तो लोहचुंबकास चिकटतो. एका शहराच्या जुन्या बाजारात मी मोठ्या आनंदाने घेतलेला क्रूस घरी आल्यावर लोहचुंबकाकडे ढुंकूनही पाहीना! तो आजही माझ्या टेबलावर कागद दाबण्याचे काम इमानाने करतो.

फितींचेही तसेच आहे. १९१४ च्या क्रूसाची लढवय्यांची फीत काळी, कडेला पांढऱ्या रेघांची. जे प्रत्यक्ष लढाईत नव्हते त्यांच्यासाठी रंग उलटे, पांढऱ्यावर काळे. १९३९ च्या फितीत मध्ये रुंद तांबडा पट्टा आला. युद्धानंतर, १९५७ च्या जर्मन कायद्याने, स्वस्तिक काढलेली पदके लावण्यास परवानगी मिळाली आणि क्रूसावर स्वस्तिकाच्या जागी ओकची पाने आली. नकली फीत पुष्कळदा तिच्या धाग्यावरून पकडली जाते. अलीकडचा कृत्रिम धागा अतिनील प्रकाशात चमकतो, जुने रेशीम व सूत तसे चमकत नाही.

एका बाबतीत मात्र जर्मन क्रूस संग्राहकाला हताश करतो. त्याच्यावर बहुधा मालकाचे नावच नसते. नाव असते ते सोबतच्या प्रमाणपत्रावर, आणि कागद वेगळा झाला की पदक मुके होते. पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश पदकांचे तसे नाही. आपल्या म्हैसूर संस्थानच्या लान्सर्सनी २३ सप्टेंबर १९१८ रोजी जोधपूरच्या स्वारांसह हैफा शहर घेतले, तेव्हा कार्मेल डोंगरावरील बचावात जर्मन मशीनगनही होत्या आणि कैद्यांत दोन जर्मन अधिकारीही सापडले. त्या युद्धात अशा स्वारांना मिळालेल्या रुपेरी पदकाच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. म्हैसुरातील कोणाच्या घरी असे पदक असेल, तर कृपा करून भिंग घेऊन त्याची कडा वाचावी. ते चांदीचे आहे एवढ्यासाठी सोनाराकडे नेऊ नये.

आता काकूंचा पत्रा. त्याच्यावर गरुड नव्हता, क्रूस नव्हता, साल नव्हते. मधोमध ओळीने भोके पाडलेली होती, वर दोरी ओवण्यासाठी छिद्रे होती, आणि वरच्या व खालच्या अशा दोन्ही अर्ध्या भागांवर तोच मजकूर उमटविलेला होता : "स्टालाग" हा शब्द आणि एक क्रमांक. माझ्या घशाशी शब्द अडकला. जर्मन सैनिकांच्या गळ्यातील ओळखीचा पत्रा लंबगोल असे. आयताकृती पत्रा ते युद्धकैद्यांना देत. कैदी छावणीत मेला तर मधल्या भोकांवर तो मोडून एक भाग प्रेताबरोबर ठेवावयाचा आणि दुसरा नोंदीसाठी घ्यावयाचा, अशी ती योजना होती. हा पत्रा मोडलेला नव्हता. तो शत्रूकडून काढून घेतलेला नव्हता. शत्रूने मामंजींच्या गळ्यात घातलेला होता.

लगेच काही न बोलता मी फितींची पट्टी उजेडाकडे नेली. पहिली फीत गडद निळी, तांबडी व फिकट निळी : १९३९-४५ चा स्टार. दुसरी वाळूच्या रंगाची, मध्ये तांबडा पट्टा व दोन बाजूंना निळ्या रेघा : आफ्रिका स्टार. तिच्यावर "८" हा अंक नव्हता. २३ ऑक्टोबर १९४२ नंतर, म्हणजे एल अलामीनपासून पुढे, आठव्या सेनेत असणाऱ्यांना तो मिळे. याचा अर्थ मामंजी आफ्रिकेत होते, पण त्या तारखेच्या आधी. तिसरी फीत तांबड्या, निळ्या व पांढऱ्या रंगांची, युद्धपदकाची. आणि जिची मी वाट पाहत होतो ती इटली स्टारची हिरवी-पांढरी-तांबडी फीत पट्टीवर नव्हतीच.

मामंजी दुसऱ्या पलटणीत होते, एवढे काकूंना नक्की ठाऊक होते. तेव्हा सगळे जुळले. २० जून १९४२ च्या पहाटे रोमेलने टोब्रुकवर जो घाला घातला, त्याचा पहिला तडाखा आग्नेयेकडील तटबंदी सांभाळणाऱ्या याच दुसऱ्या मराठा पलटणीवर बसला. दुसऱ्या दिवशी टोब्रुक पडले आणि सुमारे ३३ हजार लोक कैद झाले. आफ्रिकेत धरलेले कैदी इटलीच्या ताब्यात दिले जात. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शरणागती पत्करली, तेव्हा तेथील पुष्कळ कैदी जर्मनांनी आपल्या छावण्यांत हलविले. मामंजी इटलीत होते हे खरेच होते. ते तारेच्या कुंपणाआड होते.

मी हे शक्य तितक्या हळुवारपणे सांगितले. काकू बराच वेळ पत्र्याकडे पाहत राहिल्या. नातू मात्र हिरमुसला. मग त्यानेच विचारले, "काका, मग पणजोबा नेताजींच्या फौजेत गेले असतील का?" प्रश्न योग्यच होता. जर्मनीतील हिंदी कैद्यांपैकी सुमारे तीन हजार लोक सुभाषबाबूंच्या आझाद हिंद लिजनमध्ये गेले. बर्लिनच्या त्या कार्यात एन. जी. गणपुले हे मराठी गृहस्थ होते. "नेताजी इन जर्मनी" हे त्यांचे पुस्तक १९५९ मध्ये प्रसिद्ध झाले. लिजनसाठी १९४२ मध्ये स्वतंत्र पदकेही निघाली, "शेर-ए-हिंद", "सरदार-ए-जंग", "वीर-ए-हिंद" अशा नावांची. जर्मन पदकांच्या धर्तीवर, लढवय्यांसाठी तलवारींसह आणि इतरांसाठी तलवारींविना. आज त्यांना संग्राहकांत मोठी मागणी आहे आणि नंतरच्या नकलाही तितक्याच आहेत.

उत्तर चौथ्या फितीत होते. केशरी, पांढरी, हिरवी : १९४७ च्या भारतीय स्वातंत्र्य पदकाची. हे पदक मोठे मौजेचे आहे. एका बाजूस अशोकचक्र आणि त्याच्या माथ्यावर इंग्लंडच्या राजाचा मुकुट, तर दुसऱ्या बाजूस सारनाथचे सिंह! १५ ऑगस्ट १९४७ रोजी सैन्यात असणाऱ्यांना ते मिळाले. आझाद हिंदच्या सैनिकांना फौजेत परत घेतले गेले नव्हते. तेव्हा मामंजी बहुधा छावणीतच राहिले असावेत, सुटून परत आले असावेत आणि पुन्हा पलटणीत उभे राहिले असावेत. त्यांनी कोणता मार्ग अधिक योग्य मानला, कोणाच्या किती आग्रहाला नकार दिला, हे फीत सांगत नाही. दोन्ही बाजूंच्या त्या तरुणांना नावे ठेवण्याचा अधिकार आरामखुर्चीत बसलेल्या आपणांस नाही, असे माझे मत आहे.

"म्हणजे हे पदक नव्हेच," काकू अखेर म्हणाल्या. मग थोड्या वेळाने : "आणि त्यांना ते ठाऊक होतं. आम्हीच पदक म्हणत होतो. त्यांनी कधी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही."

त्यांनी पत्रा पुन्हा लाल फडक्यात गुंडाळला आणि देव्हाऱ्याच्या खणात ठेवला. फितींची पट्टी नातवाने मागून घेतली. त्याच संध्याकाळी आम्ही तिघांनी बसून एका कागदावर मामंजींचे पूर्ण नाव, गाव, पलटण आणि पत्र्यावरचा क्रमांक लिहून काढला. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसच्या जिनिव्हा येथील दप्तरात युद्धकैद्यांच्या नोंदी आहेत आणि नातेवाइकांना त्या विचारता येतात. अर्ज नातवाने भरला; आजोबांच्या वडिलांचे नाव लिहिताना त्याला ते काकूंना विचारावे लागले.