सायकलचं हँडल: आजोबांचं बरोबर होतं का?

आजचा भाग माझ्या करंगळीमुळे सुचलाय. खरंच.

गेल्या पावसाळ्यानंतर मी कोथरूडहून हिंजवडीला सायकलने जायला लागलो. सायकल हायब्रीड, हँडल एकदम सरळ, दिसायला झकास. तीन आठवड्यांत करंगळी आणि शेजारच्या बोटाला मुंग्या यायला लागल्या. दिवसभर कोड लिहायचं आणि एंटर दाबणारं बोटच बधिर! डॉक्टरांनी सांगितलं, तळहाताच्या कडेने अल्नर नावाची नस जाते, ती हँडलवर दाबली जातेय. सायकलवाल्यांचं हे जुनंच दुखणं आहे म्हणे. सायकल सोडायची की काय, अशी वेळ आली.

आजोबा म्हणाले, "मी सदाशिव पेठेतून खडकीला फॅक्टरीत तीस वर्षं गेलो. पाय दुखले, हात कधी नाही." त्यांची काळी सायकल अजून जिन्याखाली आहे. हँडल मागे वळलेलं, खाली सळ्यांचे ब्रेक. मग मी शोधायला बसलो, की हे हँडल असं वळलं कधी आणि सरळ झालं कधी?

सुरुवात १८१७ ची, जर्मनीतलं मानहाइम. कार्ल द्राइसने लाकडी दुचाकी केली. पेडल नाही, पायाने जमीन ढकलायची. पण त्यात हाताची कोपरं टेकवायला चक्क एक फळी होती! म्हणजे पहिल्याच सायकलवाल्याने हातांच्या आरामाचा विचार केला होता.

पुढे १८७० च्या दशकात इंग्लंडमध्ये ती उंच, मोठ्या चाकाची सायकल आली. तिच्यात हँडल मांड्यांच्या वर. खड्डा लागला की माणूस पुढे फेकला जायचा, पाय हँडलखाली अडकायचे आणि तो सरळ तोंडावर. यावर एक भारी उपाय निघाला, व्हॉटन हँडल. ते मागून, पायांखालून यायचं. फेकले गेलात तरी पाय मोकळे, उभे राहून उतरायची थोडी तरी आशा! हँडलच्या आकारावर जीव अवलंबून होता, राव.

१८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्लीची रोव्हर आली. दोन्ही चाकं जवळपास सारखी, मागच्या चाकाला चेन. पडायची भीती कमी झाली, तशी हँडलला मोकळीक मिळाली. मागे वळलेल्या हँडलला इंग्लंडमध्ये 'नॉर्थ रोड' म्हणतात. गंमत म्हणजे हे नाव ज्या नॉर्थ रोड सायकलिंग क्लबवरून पडलं, तो लांब पल्ल्याच्या, वेगवान सायकलपटूंचा क्लब. आणि आज ते हँडल दूधवाल्याच्या सायकलला!

आपल्याकडे इंग्लिश रोडस्टरच्या धर्तीवर अ‍ॅटलस, हीरो, हर्क्युलिस अशा काळ्या सायकली बनल्या, त्यांच्याबरोबर हा आकार घरोघरी गेला. आणि तो टिकलाही, कारण ब्रेकच्या सळ्या हँडललाच जोडलेल्या. नुसतं हँडल बदलायचं म्हटलं तरी ब्रेकचा अख्खा सांगाडा आडवा येतो.

मग सरळ हँडल कुठून आलं? कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत १९७० च्या दशकात काही पोरं जुन्या सायकली घेऊन डोंगरउतारावरून सुसाट उतरायची. दगडधोंड्यांत चाक ताब्यात ठेवायला रुंद हँडल लागतं. त्यातून माउंटन बाइक आली, १९८१ मध्ये स्टम्पजम्पर कारखान्यातून बाजारात आली, आणि तिचं हँडल पुढे शहरातल्या हायब्रीडला चिकटलं. म्हणजे डोंगर उतरायचं हँडल घेऊन मी सिग्नलला उभा!

सरळ हँडलवर तळवे खाली, मनगट थोडं मुरडलेलं, वजन पुढे. नॉर्थ रोडवर तळवे एकमेकांकडे, चालताना हात जसे लोंबतात तसे. पाठही ताठ. फुकट मात्र काही नाही हं. हातावरचं वजन बुडाखाली जातं, म्हणून जुन्या सायकलींना ती रुंद स्प्रिंगची सीट. वारा समोरून असेल तर छातीवर घ्यायचा. १९८९ च्या टूर द फ्रान्समध्ये ग्रेग लेमाँ शेवटच्या दिवशी कोपरं टेकवायच्या हँडलवर वाकून बसला आणि अख्खी शर्यत ८ सेकंदांनी जिंकला. कोपरं टेकवून! द्राइस हसला असेल.

मी शेवटी मागे वळलेलं हँडल बसवलं. तुम्ही बदलणार असाल तर आधी मापं बघा. सरळ आणि नॉर्थ रोड, दोन्हींची पकडायची नळी साधारण २२.२ मिमी, त्यामुळे ब्रेक-गिअरचे तेच खटके बसतात. रेसिंगचं खाली वळलेलं हँडल २३.८ चं, तिथे खटकेही बदलावे लागतात, खर्च वाढतो. माझ्या गिअरच्या वायरी आखूड पडल्या, त्या नव्या टाकल्या.

मुंग्या महिन्याभरात गेल्या. चांदणी चौकाचा चढ मात्र आता जास्त जड जातो, तिथे उभं राहून पेडल मारलं की गुडघे हँडलच्या टोकांना लागतात. आजोबांना विचारलं, तुम्ही चढाला काय करायचात? म्हणाले, "उतरून ढकलायचो."