जीपचा गंज

बैलगाडीनंतर आमच्याकडच्या कच्च्या वाटा तुडवल्या त्या जीपनं. ही मूळची दुसऱ्या महायुद्धातली विलीज. १९४७ नंतर महिंद्रानं मुंबईत तिची जुळणी सुरू केली. खेड्यात मात्र ती आली बहुतेक जुनी होऊनच. लग्नाचं वऱ्हाड, अडलेली बाळंतीण, बाजाराची वडाप, खताची पोती, सगळं तिनंच ओढलं.

पण जीप म्हातारी होते ती खालून. चॅसीच्या सांदीत चिखल बसतो, त्यात फाटक्या पोत्यातलं खत सांडतं. ओल सुटत नाही, लोखंड आतून कुजतं. पाटे चॅसीला जिथं टांगलेत, तिथंच सगळा भार. तो पत्रा खचला की एका खड्ड्यात पाटा निखळतो, एक्सल सरकतो, अन् स्टेअरिंग हातात असून गाडी ऐकत नाही. आत दहा-बारा माणसं असतात.

पासिंगच्या आधी काळा रंग फासला की गंज झाकतो, मरत नाही. जुनी माणसं लांबच्या वाटेला निघताना बैलगाडीचा आस, आरे, धाव हातानं चाचपायची. लाकूड डोळ्यांना दिसायचं. चॅसी दिसत नाही. म्हणून पावसाळा सरला की गाडीखाली शिरा, चिखल खरवडा, हातोडी मारा. धड लोखंड खणखणतं, कुजकं बद्द वाजतं.