ठासणीची बंदूक, पण कोणती?

मावळावर वाचायला लागलो तेव्हा माझी एक चूक झाली. कंपनीची फौज घाट चढून आली, जानेवारी १७७९ मध्ये कार्ल्याला कॅप्टन स्टुअर्ट (आपला 'इष्टुर फाकडा') पडला आणि पुढे वडगावचा तह झाला. टिपणात मी सरळ लिहून टाकलं, "इंग्रजांच्या रायफली." गाइडनी विचारलं, "रायफल कशावरून?"

ठासणीची बंदूक म्हणजे तोंडाकडून दारू आणि गोळी घालून गजाने ठासायची. पण नळी आतून कशी आहे, यावर सगळं ठरतं. १७७९ च्या पायदळाकडे गुळगुळीत नळीची मस्केट होती. गोळी नळीपेक्षा जरा लहान, त्यामुळे भरायला सोपी, पण सुटताना नळीत आपटत जायची. शंभर यार्डांपलीकडे एकट्या माणसावर नेम धरणं म्हणजे नशीब. म्हणून रांगा लावून एकदम बार काढायचे.

रायफलच्या नळीत पेचदार आटे असतात. गोळी फिरत जाते, म्हणून सरळ जाते. त्यासाठी ती आट्यांत घट्ट बसायला हवी, आणि घट्ट गोळी ठासायला वेळ लागतो. १८४९ च्या सुमारास फ्रान्सच्या मिनिएने तोड काढली: बुडाशी पोकळ, लांबट गोळी. सैल जाते, बार उडताच फुगून आट्यांत बसते. याच तत्त्वावर १८५३ ची एनफिल्ड आली. नेमाची पट्टी शेकडो यार्डांची! १८५७ चं वादग्रस्त काडतूस हिचंच.

खरी गोष्ट यानंतरची. उठावानंतर १८५८-५९ मध्ये हिंदी शिपायांसाठी वेगळ्या बंदुका काढल्या. बाहेरून एनफिल्डच, पण नळी आतून गुळगुळीत आणि नेमाची साधी पट्टी. अचूकता कशी आणायची हे कळलेलं असताना ती मुद्दाम काढून घेतली. यामागचं कारण तंत्र नव्हतं, अविश्वास होता.

म्हणून संशोधनाला लागणाऱ्यांना सांगणं एवढंच: कागदात नुसतं 'बंदूक' दिसलं की थांबा. साल कोणतं? नळी कशी? आणि ती कोणाच्या हातात होती? शेवटचा प्रश्न मी विचारलाच नव्हता. माझ्या प्रकरणाचा विषय आता तोच आहे.