कॅबिनेट, संगणकाचे

कॅबिनेट, संगणकाचे : मदरबोर्ड, वीज पुरवणारा एसएमपीएस, डिस्क, ग्राफिक्स कार्ड इ. सुटे भाग ज्यात बसवून घरगुती संगणक जुळवतात ती पत्र्याची पेटी. घरोघरी या अख्ख्या पेटीलाच ‘सीपीयू’ म्हणतात. खरा सीपीयू म्हणजे आतल्या बोर्डावरची काडेपेटीएवढी चिप. मुंबईचा लॅमिंग्टन रोड (डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग), दिल्लीचे नेहरू प्लेस, बंगळुरूचा एसपी रोड या बाजारांत कॅबिनेट हाच शब्द चालतो आणि असेंबल्ड पीसीच्या कोटेशनमध्ये तो बहुधा शेवटच्या ओळीत असतो. आधी प्रोसेसर, मग बोर्ड, रॅम, एसएसडी. उरतील त्या पैशांत कॅबिनेट. हा क्रम चुकीचा नाही, कारण पेटीमुळे संगणकाचा वेग वाढत नाही. पण जुळणीतल्या सगळ्या भागांत सर्वांत सावकाश जुनी होणारी वस्तू हीच. बोर्ड चार-सहा वर्षांनी बदलतो, पेटी राहते. म्हणून स्वस्तातले कॅबिनेट घेतानाही आपण ते पुढच्या बोर्डासाठी घेत आहोत, असे धरून चालावे.

पेटी इतकी टिकते याचे कारण म्हणजे इंटेलने १९९५ मध्ये मांडलेले एटीएक्स हे मानक. त्याआधी १९८१ चा आयबीएम पीसी मेजावर आडवा बसे आणि त्याच्या डोक्यावर मॉनिटर. १९८४ च्या पीसी-एटीवरून पुढची दहा वर्षे एटी मापाच्या पेट्या निघाल्या. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस पेटी उभी राहिली आणि टॉवर झाली. नव्वदीतल्या त्या पांढुरक्या, पुढे पिवळ्या पडत गेलेल्या टॉवरवर टर्बोचे बटण, किल्लीचे कुलूप आणि मेगाहर्ट्‌झ दाखवणारे लाल-हिरवे आकडे असत. ते आकडे मोजलेले नसायचे; जुळणी करणारा मागच्या बाजूला जंपर लावून हवा तो आकडा बसवी. एटीएक्सने बोर्डाच्या स्क्रूंची भोके, मागच्या पोर्टांची चौकट आणि एसएमपीएसची जागा ठरवून दिली. इंटेलनेच २००४ च्या सुमारास बीटीएक्स हे नवे मानक आणून पाहिले, ते काही वर्षांतच गुंडाळावे लागले. त्यामुळे पंचवीस वर्षांपूर्वीच्या एटीएक्स पेटीत आजचा बोर्ड स्क्रूला स्क्रू जुळवून बसतो. मोठ्या कंपन्यांचे तयार संगणक याला अपवाद. त्यांच्यापैकी अनेकांत बोर्डाची भोके, पुढच्या बटणांची जोडणी, एसएमपीएसचा आकार वेगळा असतो. ऑफिसातून निघालेली अशी देखणी पेटी फुकट मिळाली तरी नव्या जुळणीला तिचा भरवसा नाही.

मापे : पूर्ण एटीएक्स बोर्ड ३०५ × २४४ मिमी., मायक्रो-एटीएक्स २४४ × २४४ मिमी. आणि मिनी-आयटीएक्स १७० × १७० मिमी. असतो. बेताच्या खर्चातल्या जुळणीत बहुधा मायक्रो-एटीएक्सच येतो, आणि तोही पुष्कळदा पूर्ण चौरस नसतो. खर्च वाचवण्यासाठी त्याची रुंदी कमी केलेली असते. अशा बोर्डाला सहाच स्क्रू लागतात आणि उजवी कड अधांतरी राहते. नेमक्या त्याच कडेला २४ पिनांचा वीजजोड असतो. तो दाबताना बोर्ड वाकतो, म्हणून दुसऱ्या हाताचे बोट मागून लावावे लागते. मोठ्या पेटीत लहान बोर्ड बसतो, लहानात मोठा बसत नाही. मिनी-आयटीएक्सची पेटी दिसायला गोजिरवाणी असली तरी तिचा बोर्ड महाग, आणि पुष्कळ पेट्यांत एसएमपीएसही लहान एसएफएक्स आकाराचा घ्यावा लागतो. स्वस्ताईच्या शोधात निघालेल्याने त्या वाटेला जाऊ नये.

बोर्डाच्या मापापेक्षा लोक जास्त फसतात ते दोन मापांत. पहिले कूलरच्या उंचीचे. प्रोसेसरसोबत येणारा कूलर पाच-सहा सेंमी. उंच असतो, तो कुठेही मावतो; वेगळा घेतलेला १२० मिमी. पंख्याचा टॉवर कूलर मात्र १५५ ते १६० मिमी. उंच असतो आणि अरुंद पेटीचे झाकण त्यावर टेकते. दुसरे ग्राफिक्स कार्डच्या लांबीचे. एक पंख्याची कार्डे १७० मिमी.च्या आसपास, दोन पंख्यांची २०० ते २५०, तीन पंख्यांची ३०० च्या पुढे; एनव्हिडियाचे स्वतःचे आरटीएक्स ४०९० हे ३०४ मिमी. भरते. पेटीवर लिहिलेले ‘३०० मिमी.पर्यंत’ हे माप पुढचे पंखे नसतानाचे असू शकते. पंख्याची जाडी २५ मिमी. असते, तेवढे वजा करून हिशेब करावा.

हवा : पेटीचे खरे काम इथे आहे. मध्यम ग्राफिक्स कार्ड असलेला घरगुती संगणक खेळाच्या वेळी सुमारे २०० वॅट उष्णता टाकतो. आतली हवा खोलीपेक्षा १० अंशांनीच जास्त तापावी असे वाटत असेल, तर ही उष्णता बाहेर न्यायला मिनिटाला साधारण १ घनमीटर हवा पेटीतून जायला हवी. १२० मिमी.चे दोन साधे पंखे हे काम आरामात करतात, अट एवढीच की त्यांच्या तोंडासमोर वाट मोकळी हवी. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे खोलीतच ४० अंश असले, तर आत ५० पासून सुरुवात. प्रोसेसर ९० ते १०० अंशांच्या दरम्यान स्वतःचा वेग उतरवून जीव वाचवतो. मग दुपारी संगणक रेंगाळतो आणि लोक रॅम वाढवायला निघतात.

म्हणून दुकानात पेटी पाहताना आधी तिचा पुढा पाहावा. पुढा पूर्ण काचेचा किंवा सपाट प्लास्टिकचा, आणि हवेला कडेने बोटभर फट एवढीच सोय असेल, तर आत लावलेले तीन रंगीत पंखे काचेची आतली बाजू गार करीत बसतात. पुढा जाळीचा असेल तर कमी पंखेही पुरतात. पैसे थोडेच असतील तर पुढे एक आत ओढणारा, मागे एक बाहेर टाकणारा, एवढ्यावर काम चालते. पुढचे पंखे मागच्यापेक्षा जास्त असले तर आत हवेचा किंचित दाब राहतो, आणि धूळ फटींतून न शिरता गाळणीतूनच येते. ही गाळणी चुंबकाने चिकटणारी किंवा ओढून काढता येणारी असावी. स्क्रू काढल्याशिवाय जी निघत नाही ती गाळणी कोणी धूत नाही.

स्वस्त पेटीतल्या पंख्यांची वायर पाहण्यासारखी असते. चार पिनांचा पंखा बोर्डाच्या सांगण्याप्रमाणे वेग बदलतो, तीन पिनांचा व्होल्टेज कमी-जास्त करून हाकता येतो. पण पुष्कळ स्वस्त पेट्यांत पंखे एसएमपीएसच्या मोठ्या चार पिनी मोलेक्स जोडाला थेट लावायचे असतात. ते संगणक चालू असेपर्यंत एकाच वेगाने फिरतात, रात्री दोन वाजताही. दिव्यांचेही दोन घाट आहेत : चार पिनांचे १२ व्होल्टचे आरजीबी आणि तीन पिनांचे ५ व्होल्टचे एआरजीबी. ५ व्होल्टची माळ १२ व्होल्टला लावली की ती एकदाच उजळते. बोर्डावर यांपैकी कोणता जोड आहे हे न पाहता रंगीत पंख्यांचे पैसे मोजू नयेत. काहीच दिवे न घेण्याचा पर्यायही आहेच, आणि तो सर्वांत स्वस्त आहे.

हवेचा एक शत्रू पेटीबाहेर आहे. आपल्याकडच्या संगणकाच्या टेबलाला खाली ‘सीपीयू’साठी खास कप्पा असतो : मागे प्लायवूड, बाजूंना प्लायवूड, कधी पुढे दारही. मागून निघालेली गरम हवा तिथेच घुटमळून पुढून परत आत जाते. अशा कप्प्यात महागडे जाळीदार कॅबिनेट आणि साधे कॅबिनेट यांत फारसा फरक उरत नाही. मागचे प्लाय करवतीने कापणे हा उपाय पंख्यांपेक्षा स्वस्त आहे. खंडेनवमीला आणि दसऱ्याला कॅबिनेटचीही पूजा होते. झेंडूची माळ वरच्या जाळीवरून उतरवायची राहून गेली की पुढे महिनाभर पाकळ्या पंख्यात सापडतात.

पत्रा : स्वस्त पेटीचा पत्रा अर्धा मिमी.च्या आसपास, बऱ्यापैकी पेटीचा ०.७ ते ०.८ मिमी. असतो. मापायला जाऊ नये. उघड्या पेटीचे समोरासमोरचे दोन कोपरे धरून हलकेच पीळ द्यावा. पेटी तिरकी होत असेल तर तिच्यात बोर्डही वाकडा बसेल आणि पंख्याबरोबर झाकण गुणगुणेल. मग आतल्या कडांवरून नखाची मागची बाजू फिरवावी. कडा दुमडलेल्या असाव्यात. कापलेला पत्रा तसाच सोडलेला असेल तर जुळणीच्या दिवशी बोटांची पेरे सोलून निघतात, आणि कोकणपट्टीत त्याच न रंगवलेल्या कडेपासून दोन पावसाळ्यांत गंज चढू लागतो.

मागच्या कार्डांच्या खाचा झाकणाऱ्या पट्ट्या दोन प्रकारच्या : स्क्रूने लागणाऱ्या, आणि पत्र्यातच कोरलेल्या, वाकवून मोडायच्या. मोडलेली पट्टी परत लागत नाही. उद्या कार्ड काढले की तिथे कायमचे भोक, आणि भोकातून झुरळ, मुंग्या, क्वचित पाल. उबदार एसएमपीएसजवळ पालीला बरे वाटते; तिचा शेवट मात्र बोर्डावर होतो आणि बोर्डाचाही तिच्याबरोबर.

एसएमपीएस : दुकानात ‘कॅबिनेट विथ एसएमपीएस’ असा जोड-भाव सांगतात. या नोंदीतली एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर ती ही, की तो घेऊ नये. पाच-सहाशे रुपयांत येणाऱ्या अशा डब्यावर ‘४५० वॅट’ छापलेले असते, पण कडेच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या ओळीतले अँपियर वाचून १२ ने गुणले की आकडा पुष्कळदा निम्म्यावर येतो, आणि आजचे प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टवरच घेतात. हातात घेतल्यावर हलका लागणे हीही एक खूण. कॅबिनेट मोकळे घ्यावे, एसएमपीएस वेगळा, ‘८० प्लस’ शिक्क्याचा, लेखी वॉरंटीचा. पेटीत वाचवलेले पैसे इथे लावावेत. जुन्या पेट्यांत तो वरच्या कोपऱ्यात बसे आणि प्रोसेसरची गरम हवा पिई; नव्यांत तो तळाशी असतो, खालून थंड हवा घेतो. त्यामुळे पेटीचे पाय निदान बोटभर उंच हवेत. सतरंजीवर ठेवलेल्या पेटीचा एसएमपीएस श्वास घेऊ शकत नाही.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, ही तक्रार जवळजवळ प्रत्येक गावात ऐकू येते आणि दोष पेटीला लागतो. एसएमपीएसच्या फिल्टरमध्ये फेज आणि न्यूट्रल यांपासून पेटीच्या पत्र्याकडे दोन छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. भिंतीतल्या सॉकेटला अर्थिंग असेल तर त्यांतून पाझरणारी वीज जमिनीत जाते. अर्थिंग नसेल, किंवा तिसरी पिन मोडून प्लग दोन पिनी केलेला असेल, तर पत्रा २३० च्या निम्म्या, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतो. प्रवाह मिलिअँपियरच्या काही अंशांएवढाच असतो, पण अनवाणी माणसाला मागच्या उघड्या स्क्रूला बोट लागताच तो कळतो. रंगावर हात ठेवल्यावर काहीच जाणवत नाही, म्हणून घरातले निम्मे लोक उरलेल्यांना खोटे ठरवतात. कॅबिनेट बदलून काही होत नाही, वायरमन बोलवावा लागतो.

जुळणी : बोर्ड पत्र्याला थेट टेकू नये म्हणून खाली पितळेचे स्टँडऑफ असतात. बोर्डाच्या भोकांखाली तेवढेच ठेवावेत. जुन्या बोर्डासाठीचा एखादा स्टँडऑफ तसाच राहिला तर तो नव्या बोर्डाच्या मागे टेकून शॉर्ट करतो आणि ‘नवा बोर्ड डेड निघाला’ म्हणून दुकानात फेरी होते. स्क्रू दोन जातींचे : जाड आट्यांचे ६-३२, बारीक आट्यांचे एम३. सरकत नसलेला स्क्रू जोराने पिळू नये, तो दुसऱ्या जातीचा असतो. पुढच्या बटणांच्या चिमुकल्या वायरी सगळ्यांत शेवटी लावायच्या आणि सगळ्यांत जास्त वेळ खायच्या. बटणाची जोडी उलटी लागली तरी चालते, दिव्याची उलटी लागली तर दिवा लागत नाही, एवढेच. यूएसबी ३ चा १९ पिनी निळा जोड मात्र फार कडक असतो. तिरका ओढला तर बोर्डावरची चौकट त्याच्याबरोबर उपटून येते. जुन्या पेटीत हा जोडच नसतो. तिथे मागच्या पोर्टांवर भागवावे.

भाव : साधे मायक्रो-एटीएक्स कॅबिनेट अलीकडच्या काळात दीड-दोन हजार रुपयांपासून मिळते; जाळीचा पुढा, बाजूला काच आणि तीन पंखे असे साधारण तीन ते पाच हजारांत येते. त्याच्या वरचे पैसे शांतता, सफाई आणि शोभा यांचे. ऑनलाइन घेताना वाहतुकीत काच फुटण्याची धास्ती असते, म्हणून बाजूला पत्र्याचेच झाकण असलेली आवृत्ती मिळत असेल तर ती दोनतीनशे रुपयांनी स्वस्तही पडते आणि मुलांचा चेंडूही झेलते. ग्राफिक्स कार्ड घ्यायचेच नसेल, संगणक हिशेब आणि अभ्यासापुरताच असेल, तर वापरलेले एटीएक्स कॅबिनेट पाच-सातशेत उत्तम. एक नवा पंखा घालून ते पुन्हा कामाला लागते.

दिवाळीच्या साफसफाईत पेटीला ब्लोअर मारतात, तेव्हा पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. मोकळे सोडले तर ते भन्नाट फिरून बेअरिंग खराब होते. पेटी निकामी होते ती बहुधा पुढचे पॉवर बटण आत बसल्याने. त्यावरही रिसेटच्या बटणाची वायर पॉवरच्या पिनांवर लावणे हा फुकटचा इलाज आहे आणि त्यावर आणखी पाच वर्षे निघतात. अखेर भंगारवाला येतो. तो आधी एसएमपीएस काढून बाजूला ठेवतो, तांब्याच्या वायरी कापून पिशवीत टाकतो, काच आणि प्लास्टिकचा पुढा नको म्हणतो, आणि उरलेला पत्रा किलोवर घेतो.