फटफटी आणि सरहद्दीच्या वाटा

रस्त्यांचा इतिहास आपल्या भाषेत फारसा लिहिला गेलेला नाही. किल्ले, लढाया, तह आणि वंशावळी यांवर आपण ग्रंथांमागून ग्रंथ लिहिले; पण ज्या वाटेने फौज गेली, टपाल गेले आणि त्यामागोमाग महसुलाचा कारकून गेला, त्या वाटेकडे मात्र वळून पाहिले नाही. ज्यांचा संसार बदलीच्या हुकुमांवर चालतो आणि ज्यांच्या आयुष्याची कित्येक वर्षे फिरतीत जातात, त्या वाचकांना तरी ही उणीव जाणवल्यावाचून राहणार नाही. राज्य कोठवर पोहोचले, हे नकाशावरील रंगावरून कळत नाही. ते शेवटच्या मोरीवरून कळते.

आज हिमालयाच्या कच्च्या वाटांवर उन्हाळा लागताच मोटारसायकलस्वारांच्या टोळ्या दिसू लागतात. जुन्या मराठीत ज्या वाहनाला आपण कौतुकाने फटफटी म्हणत होतो, त्याच्यावर बिऱ्हाड बांधून ही तरुण मंडळी लेह, नुब्रा, स्पिती, तवांग असे दूरदूरचे प्रदेश पालथे घालतात. परत आल्यावर ते ‘अमुक घाट जिंकला’ असे सांगतात. त्यांच्या धाडसाला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु ‘जिंकला’ हा शब्द खरा कोणाचा, हा प्रश्न इतिहासाने विचारण्याजोगा आहे.

लेहकडे जाणाऱ्या वाटा मोटारीच्या फार आधीच्या आहेत. यारकंदचा आणि तिबेटचा माल या गावी उतरत असे आणि घोडी, याक व मेंढ्या यांच्या पाठीवरून खाली काश्मीरकडे व कुलूकडे जात असे. या वाटेवरील आरंभीच्या युरोपीय प्रवाशांत विल्यम मूरक्रॉफ्ट याचे नाव ठळक आहे. हा गृहस्थ कोणी हौशी भटक्या नव्हता. ईस्ट इंडिया कंपनीच्या बिहारमधील पुसा येथील अश्वपैदास केंद्राचा तो अधीक्षक होता. म्हणजे आपल्यासारखाच नोकरीच्या निमित्ताने घर सोडून आलेला अधिकारी. फौजेला चांगली घोडी हवीत, ती बुखाऱ्याला मिळतील, या ध्यासाने तो निघाला आणि रोहतांग ओलांडून लाहौलमार्गे १८२० मध्ये लेहला पोहोचला. तेथे तो जवळजवळ दोन वर्षे राहिला. पुढे बुखारा त्याने गाठले, पण परतीच्या वाटेवर १८२५ मध्ये त्याला मृत्यू आला. सरहद्दीवर टिकेल असे वाहन कोणते, या प्रश्नासाठी एका सरकारी नोकराने प्राण वेचले, ही गोष्ट पुढील कथेच्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

त्यानंतर सव्वाशे वर्षे लोटली, तरी लेहला चाक गेले नव्हते. १९४८ मध्ये टोळीवाल्यांनी व गिलगिटच्या सैन्याने लडाखचा गळा आवळला, तेव्हा ही उणीव प्राणांतिक ठरू पाहत होती. लडाखचे अभियंते सोनम नोरबू यांनी स्थानिक लोकांच्या मदतीने लेहला धावपट्टी तयार केली, आणि २४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहेर सिंग यांनी जनरल थिमय्यांना घेऊन तेथे डकोटा विमान उतरवले. वाटेच्या आधी विमान आले! पण केवळ विमानाने मुलूख राखता येत नाही. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला झोजी ला घाटात रणगाडे चढवण्यात आले, ही आपल्या लष्करी इतिहासातील प्रसिद्ध घटना होय. ते चढले ते मात्र मद्रास सॅपर्सच्या जवानांनी खेचरांची पायवाट खोदून, फोडून आणि रुंद करून ठेवली होती म्हणून. रणगाड्याचे नाव सर्वांच्या तोंडी राहिले. कुदळीचे राहिले नाही.

याच सुमारास इंग्लंडात एका निराळ्याच कारणाने एक मोटारसायकल घडत होती. रेडिच गावच्या रॉयल एनफील्ड कंपनीने ‘बुलेट’ हे नाव १९३२ मध्येच बाजारात आणले होते. कंपनीचे ‘एनफील्ड’ हे नावही सरकारी शस्त्र कारखान्यासाठी केलेल्या सुट्या भागांच्या कामावरून आलेले. त्यामुळे आपली गाडी बंदुकीसारखी पक्की, अशी तिची जाहिरात असे. परंतु आपल्या परिचयाची बुलेट जन्मली ती १९४८ मध्ये. तोवर बहुतेक गाड्यांचे मागचे चाक सांगाड्याला ताठ जखडलेले असे, आणि खड्ड्याचा हिसका थेट स्वाराच्या कण्याला बसे. नव्या बुलेटमध्ये हे चाक झुलत्या भुजेवर बसवून तिला धक्के शोषणारे दांडे जोडले होते. आडरानातील चिखल, दगड आणि ओढे यांतून गाडी काढण्याच्या शर्यती हे इंग्रज स्वारांचे जुने वेड. त्या शर्यतींत ही युक्ती पारखली गेली. १९४८ मध्ये इटलीतील सान रेमो येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय सहा दिवसांच्या कसोटीत ब्रिटिश संघ विजयी झाला, आणि त्यातील बुलेटच्या दोन्ही स्वारांना सुवर्णपदके मिळाली. म्हणजे जिला आपण आज केवळ एक भारदस्त, दमदार गाडी समजतो, ती मुळात आडवाटांच्या परीक्षेत उतरण्यासाठीच सिद्ध झाली होती.

हिंदुस्थानच्या लष्कराला सरहद्दीवरील गस्तीसाठी आणि निरोप्यांसाठी अशाच गाडीची गरज होती. १९५० च्या आसपास मद्रास मोटर्स या पेढीमार्फत या गाड्या लष्करासाठी येऊ लागल्या. मागणी वाढली तेव्हा १९५५ मध्ये एनफील्ड इंडियाची स्थापना झाली आणि मद्रासजवळ तिरुवोत्तियूर येथे कारखाना उभा राहिला. प्रथम विलायतेहून आलेले भाग जोडून गाडी तयार होई. पुढे यंत्रसामग्रीही आली आणि गाडी सर्वांगाने देशी झाली. काळाची गंमत अशी की, रेडिचचा मूळ कारखाना १९६७ मध्ये बंद पडला, पण मद्रासची बुलेट चालत राहिली.

गाडी होती, रस्ता हवा होता. ७ मे १९६० रोजी सीमा रस्ते संघटना अस्तित्वात आली. तिच्या विकास मंडळाचे अध्यक्षपद स्वतः पंडित नेहरूंकडे होते, यावरूनच या कामाची निकड ध्यानात यावी. ईशान्येकडे तेजपूरहून ‘टस्कर’ आणि काश्मीरकडे ‘बीकन’ असे दोन प्रकल्प प्रथम सुरू झाले. ‘श्रमेण सर्वं साध्यम्’ हे तिचे ब्रीद. ते पुरतेपणी साध्य होण्यापूर्वीच ऑक्टोबर १९६२ उजाडला. त्या युद्धाचा ऊहापोह येथे नको. पण पूर्व सरहद्दीवर शिबंदी, दारूगोळा आणि उबदार कपडे वेळेवर न पोहोचण्याच्या कारणांत अपुऱ्या रस्त्यांचा वाटा मोठा होता, याविषयी मतभेद नाही. त्या पराभवाने जो धडा दिला, तो पुढे दगड आणि डांबर यांच्या रूपाने डोंगरांवर लिहिला गेला.

हा रस्ता बांधणे म्हणजे काय, याची मैदानात नोकरी करणाऱ्यास सहसा कल्पना येत नाही. आपल्याकडे रस्ता एकदा झाला की मैलकुली त्याचे खड्डे बुजवीत राहतो. हिमालयात रस्ता दरवर्षी नव्याने करावा लागतो. भेगांत शिरलेले पाणी हिवाळ्यात गोठून फुगते आणि डांबर उखडून टाकते. वसंतात हिमलोट कोसळतात. पावसाळ्यात कडेच खाली येतात. दुपारी ऊन चढले की बर्फ वितळून नाल्यांना लोंढा येतो, म्हणून जाणता स्वार नाला सकाळीच ओलांडतो. कामाचा हंगाम चार-पाच महिन्यांचा आणि हवा इतकी विरळ की धडधाकट माणसालाही दहा पावलांवर धाप लागते. अशा ठिकाणी सुरुंगाची भोके पाडणारा, खडी फोडणारा आणि डांबराची पिंपे तापविणारा मजूर उन्हाळाभर तंबूत राहतो. या वाटांवर जागोजागी दिसणारी स्मारके सैनिकांची आहेत, तशीच रस्ता करताना दरडीखाली गेलेल्यांचीही आहेत.

सामान्य प्रवाशांना लडाख खुले झाले ते १९७४ मध्ये. मनाली–लेह हा रस्ता त्यांच्यासाठी उघडला तो १९८९ मध्ये. सुमारे पावणेपाचशे किलोमीटरांच्या या रस्त्यावर बारालाचा आणि तांगलांग ला यांसारखे सोळा-सतरा हजार फुटांचे घाट आहेत. मूरक्रॉफ्ट याच अंगाने घोड्यावरून गेला होता. दरम्यान जगात दुहेरी कामाच्या मोटारसायकलींचे युग सुरू झाले होते. सडकेवरही चालेल आणि रानातही, अशी यामाहाची हलकी डीटी-१ ही गाडी १९६८ मध्ये आली. १९७८ च्या डिसेंबरात पॅरिसहून डाकारकडे सहारा ओलांडणारी शर्यत सुरू झाली. १९८० मध्ये बीएमडब्ल्यूने आपल्या गाडीच्या नावातच ‘रान’ आणि ‘रस्ता’ या अर्थांच्या जर्मन शब्दांची आद्याक्षरे घातली. लांब पल्ल्याचे धक्काशोषक, मोठे पुढचे चाक, जमिनीपासून उंच इंजीन ही या जातीची लक्षणे. आपल्याकडे मात्र ही चैन फार उशिरा आली. तोवर बिचाऱ्या बुलेटनेच दोन्ही कामे केली. सतरा हजार फुटांवर हवेचा दाब निम्म्याच्या जवळ येतो. कार्ब्युरेटरमधून पेट्रोल तेवढेच येते, प्राणवायू मात्र कमी पडतो. मग इंजीन काळा धूर ओकते आणि चढावर मान टाकते. गाडी रस्त्याकडेला उभी करून जेटचा स्क्रू फिरवणारा स्वार हे त्या काळचे नेहमीचे दृश्य होते. ‘हिमालयन’ नावाची खास या वाटांसाठी आखलेली गाडी त्याच कंपनीने बाजारात आणली ती २०१६ मध्ये.

येथून पुढचा इतिहास हौसेचा आहे, आणि हौसेलाही हिशेब असतो. रोहतांगवर वाहनांची एवढी गर्दी झाली की काजळीने बर्फ काळवंडू लागले. अखेर राष्ट्रीय हरित लवादाला २०१५ मध्ये रोजच्या वाहनसंख्येवर मर्यादा घालावी लागली. बाहेरून भाड्याने आणलेल्या मोटारसायकली लेहहून पुढे नेण्यास तेथील भाडेवाल्यांच्या संघटनांनी विरोध केला, कारण डोंगराच्या कमाईत डोंगराच्या माणसाचा वाटा असावा असे त्यांचे म्हणणे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी रोहतांगखालून ९ किलोमीटरांचा अटल बोगदा सुरू झाला. २०२१ मध्ये उमलिंग ला येथील १९,०२४ फुटांवरील रस्त्याची जागतिक विक्रम म्हणून नोंद झाली. ९ मार्च २०२४ रोजी तवांगच्या वाटेवर सेला बोगदा खुला झाला. या प्रत्येक कामाबरोबर एखादी आडवाट हमरस्ता झाली, आणि आडवाटेच्या शोधात निघालेला स्वार आणखी पुढे सरकला.

परंतु या सर्व वर्षांतील एक प्रसंग मला या इतिहासाचे मर्म सांगणारा वाटतो. २०२० च्या साथीत देश बंद झाला, तेव्हा लडाखमध्ये अडकलेल्या झारखंडच्या मजुरांची एक तुकडी मे महिन्याच्या अखेरीस विमानाने रांचीला आणण्यात आली. दुमक्याकडचे हे लोक वर्षानुवर्षे उन्हाळ्यात सरहद्दीचे रस्ते बांधण्यास जात होते. पण त्यांच्याविषयी देशाने ऐकले ते त्या दिवसांत. त्यांची मजुरी, मध्यस्थ कंत्राटदार आणि त्यांच्या हाती राहणारी कागदपत्रे यांविषयी झारखंड सरकारने त्याच सुमारास केंद्राशी बोलणी काढली. साठ वर्षे जो रस्ता राष्ट्राच्या संरक्षणाचा विषय होता, तो बांधणाऱ्याच्या संरक्षणाचा प्रश्न पुढे येण्यास एवढा अवधी लागला. ‘श्रमेण सर्वं साध्यम्’ हे ब्रीद खरेच आहे. श्रम कोणाचे, एवढेच त्यात लिहिलेले नाही.

घाट जिंकणारा कोण, या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच सोपे नाही. मूरक्रॉफ्टने तो ओलांडला, सॅपर्सने फोडला, बुलेटने रोज चढला, आणि दुमक्याच्या मजुराने दरवर्षी पुन्हा बांधला. त्यावरून आज जो तरुण हौसेने जातो, त्याला जाण्याचा पूर्ण हक्क आहे. किंबहुना देशाची ओळख व्हावी ती अशाच वाटांनी. मात्र घाटमाथ्यावर पोहोचल्यावर तेथील फलकाजवळ छायाचित्र काढण्यापूर्वी त्याने खाली वळणावर डांबर ओतणाऱ्या माणसाला राम राम करावा, दोन शब्द बोलावेत. आणि आपल्यापैकी ज्यांच्या टेबलावरून या रस्त्यांची अंदाजपत्रके, हजेरीपट आणि मजुरीची बिले जातात, त्यांनी ती एका दिवसानेही अडवू नयेत. सरहद्दीचा रस्ता डोंगरात खचतो, तसा तो कधी कधी कचेरीतही खचतो. आणि तेथली दरड उपसणे आपल्या हाती असते.