बहात्तरावी जागा

१८६९ साली दिमित्री मेंडेलीव्ह सेंट पीटर्सबर्गमध्ये विद्यार्थ्यांसाठी रसायनशास्त्राचे पुस्तक लिहीत होते. तोवर ६३ मूलद्रव्ये माहीत झाली होती आणि पुस्तकात ती कोणत्या क्रमाने घ्यायची, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. त्यांनी अणुवस्तुमानाचा चढता क्रम धरला. तसे मांडत गेल्यावर ठरावीक अंतराने ओळखीचे गुणधर्म पुन्हा भेटू लागले. लिथियमसारखाच सोडियम, सोडियमसारखाच पोटॅशियम. फ्लोरिनच्या वळणावर क्लोरीन, क्लोरीनच्या वळणावर ब्रोमीन. आवर्तसारणी जन्माला आली ती अशी, पाठ्यपुस्तकाच्या गरजेतून.

एका ठिकाणी मात्र मेंडेलीव्ह यांनी स्वतःचाच नियम बाजूला ठेवला. टेल्युरियमचे वजन १२८, आयोडीनचे १२७. वजनाने जायचे तर आयोडीन आधी यायला हवे. पण मग ते गंधक आणि सेलेनियमच्या गणात जाऊन बसले असते, आणि आयोडीनचा सारा स्वभाव तर क्लोरीन-ब्रोमीनचा. मेंडेलीव्ह यांनी टेल्युरियमला आधी बसवले आणि त्याच्या १२८ या आकड्यापुढे प्रश्नचिन्ह टाकले. वजन मोजण्यात कुणाची तरी चूक झाली असावी, असा त्यांचा कयास होता.

चूक झालेली नव्हती. टेल्युरियम आयोडीनपेक्षा जड होते आणि आजही आहे.

मेंडेलीव्ह यांचा आपल्या सारणीवरचा विश्वास पोकळ नव्हता, हे पुढच्या सतरा वर्षांत दिसले. त्यांनी रिकाम्या सोडलेल्या जागांवर १८७५ मध्ये गॅलियम, १८७९ मध्ये स्कँडियम आणि १८८६ मध्ये जर्मेनियम येऊन बसले. गॅलियम शोधणाऱ्या लेकॉक द बॉइसबॉद्रां यांनी त्याची घनता ४.७ मोजली होती. मेंडेलीव्ह यांनी कधीही न पाहिलेल्या त्या धातूबद्दल कळवले, की ती ५.९ च्या आसपास असायला हवी. नमुना शुद्ध करून पुन्हा मोजणी झाली, तेव्हा आकडा ५.९ आला.

पण वजनाचा घोळ मिटेना. १८९४ मध्ये सापडलेला आर्गॉन त्याच्या पुढच्या पोटॅशियमहून जड निघाला. कोबाल्ट आणि निकेल यांच्यातही तीच अडचण होती. क्रम गुणधर्मांनी ठरवला की बरोबर लागायचा, वजनाने ठरवला की अधूनमधून बिघडायचा. याचा सरळ अर्थ असा होता, की खरा क्रम लावणारी गोष्ट वजन नसून दुसरीच कुठलीतरी आहे आणि ती अणूच्या आत आहे. मेंडेलीव्ह यांना हे मान्य होणे शक्य नव्हते. अणूला आणखी लहान भाग असतात, ही कल्पनाच त्यांना पटत नसे. १८९७ मध्ये जे. जे. थॉमसन यांनी इलेक्ट्रॉन दाखवून दिल्यानंतरही त्यांचे मत बदलले नाही. १९०७ मध्ये त्यांचे निधन झाले.

चार वर्षांनी, १९११ मध्ये, मँचेस्टरला अर्नेस्ट रदरफोर्ड यांनी अणुकेंद्रकाची कल्पना मांडली. अणूचा जवळजवळ सगळा भार आणि सगळा धनप्रभार मधल्या अतिसूक्ष्म केंद्रकात असतो, बाकी जागेत इलेक्ट्रॉन. केंद्रकावरचा प्रभार साधारण अणुवस्तुमानाच्या निम्मा असावा, एवढाच अंदाज तेव्हा करता आला. यातून पुढचे पाऊल टाकले ते अँटोनियस व्हान डेन ब्रूक या डच गृहस्थाने. व्यवसायाने तो वकील, भौतिकशास्त्र हा त्याचा छंद. त्याने १९१३ मध्ये सुचवले, की मूलद्रव्याचा सारणीतला क्रमांक हाच त्याच्या केंद्रकावरचा प्रभार. त्या काळी हे विधान फार धाडसाचे होते. सारणीतला क्रमांक म्हणजे शाळेच्या हजेरीपटावरच्या क्रमांकासारखा, नुसता सोयीसाठी दिलेला, असेच सगळे धरून चालत होते. व्हान डेन ब्रूक म्हणत होता, की तो क्रमांक निसर्गानेच दिलेला आहे.

हे तपासून पाहायचे ठरवले हेन्री मोस्ले या तरुणाने. १८८७ साली जन्मलेला, प्राध्यापकाचा मुलगा, ऑक्सफर्डमध्ये शिकून रदरफोर्ड यांच्या प्रयोगशाळेत दाखल झालेला. त्याची पद्धत अशी होती. निर्वात नळीत धातूच्या तुकड्यावर वेगवान इलेक्ट्रॉनांचा मारा केला, की तो धातू स्वतःचे खास क्ष-किरण बाहेर टाकतो. हे किरण स्फटिकावर पाडले, की त्यांच्या तरंगलांबीप्रमाणे ते वेगवेगळ्या कोनांत वळतात आणि छायाचित्राच्या काचेवर रेषा उमटतात. दर नव्या धातूसाठी नळी उघडायची आणि पुन्हा हवा काढून घ्यायची, यात दिवस गेले असते. म्हणून मोस्लेने नळीतच रुळांवर चालणारी छोटी गाडी बसवली, तिच्यावर नमुने ओळीने मांडले आणि रेशमी दोऱ्याने गाडी ओढून एकेक नमुना माऱ्यासमोर आणला.

१९१३ च्या डिसेंबरात त्याचा पहिला निबंध आला. त्यात कॅल्शियमपासून जस्तापर्यंतची मूलद्रव्ये होती. जस्ताच्या रेषा त्याने पितळेतून मिळवल्या. स्कँडियमचे मापन नव्हते, म्हणून त्याची जागा मोकळी सोडली. निबंधातल्या चित्रात सगळ्या पट्ट्या एकाखाली एक लावल्या होत्या आणि त्यांवरच्या रेषा जिन्याच्या पायऱ्यांसारख्या सरकत गेल्या होत्या. प्रत्येक मूलद्रव्यागणिक एक पायरी, सगळ्या पायऱ्या नेमाने चढणाऱ्या. किरणांच्या वारंवारितेचे वर्गमूळ काढले, की ते एका पूर्णांकाबरोबर सरळ रेषेत वाढत होते, आणि तो पूर्णांक म्हणजे सारणीतला क्रमांक. कोबाल्टला २७ मिळाले, निकेलला २८. वजन काहीही असो, रसायनतज्ज्ञांनी निव्वळ गुणधर्मांवरून लावलेला क्रमच बरोबर होता.

मोस्लेच्या सूत्रात आणखी एक गोष्ट होती आणि ती पहिलीइतकीच मोलाची होती. सूत्रात तीन-चतुर्थांश हा गुणक येत होता. निल्स बोर यांनी त्याच वर्षी मांडलेल्या प्रतिकृतीत इलेक्ट्रॉन दुसऱ्या कवचातून पहिल्यात उतरला, की नेमका हाच गुणक मिळतो. शिवाय सूत्रात केंद्रकाचा प्रभार पूर्ण येत नव्हता, त्यातून एक वजा करावा लागत होता. सर्वांत आतल्या कवचात मागे उरलेला एक इलेक्ट्रॉन प्रभाराचा तेवढा भाग झाकतो, असा त्याचा अर्थ आज लावला जातो. काचेवरच्या काही काळ्या रेघांवरून अणूचा आतला मजला दिसू लागला होता.

१९१४ च्या दुसऱ्या निबंधात मोस्ले अ‍ॅल्युमिनियमपासून सोन्यापर्यंत पोहोचला. अ‍ॅल्युमिनियमला १३ धरले, तर सोन्याला ७९ येत होते. मध्ये किती जागा आहेत आणि कोणत्या रिकाम्या आहेत, हे आता मोजून सांगता येत होते. मेंडेलीव्ह यांना रिकाम्या जागा गुणधर्मांवरून ताडाव्या लागल्या होत्या. दुर्मीळ मृदा धातूंच्या प्रदेशात तर त्यांचाही अंदाज चालत नसे, कारण ते धातू एकमेकांसारखे दिसणारे आणि वागणारे. तिथे किती मूलद्रव्ये आहेत, यावर रसायनतज्ज्ञ अनेक वर्षे झगडत होते. त्याच वर्षी पॅरिसचे जॉर्ज उर्बां आपले नमुने घेऊन ऑक्सफर्डला परतलेल्या मोस्लेकडे आले. त्यांनी वर्षानुवर्षांच्या विलगीकरणातून मिळवलेले द्रव्य मोस्लेने थोड्याच दिवसांत तपासून क्रमवार लावले. उर्बां ज्याला ‘सेल्टियम’ म्हणत होते, त्या ७२ व्या मूलद्रव्याच्या रेषा मात्र त्याला दिसल्या नाहीत.

ऑगस्टमध्ये ब्रिटन महायुद्धात उतरले. मोस्ले तेव्हा ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनासाठी ऑस्ट्रेलियात होता. परतल्यावर तो लष्कराच्या इंजिनिअर दलात संदेशवहनाचा अधिकारी म्हणून भरती झाला आणि १० ऑगस्ट १९१५ रोजी गॅलिपोलीच्या रणभूमीवर मारला गेला. तेव्हा तो २७ वर्षांचा होता. त्याचे संशोधन जेमतेम काही वर्षांचे, त्यातले हे क्ष-किरणांचे काम तर दीड वर्षातले. विसाव्या शतकातल्या विज्ञानाची युद्धाने केलेली याहून मोठी हानी दाखवणे कठीण आहे. असा बुद्धिमान संशोधक आघाडीवर पाठवायला नको होता, असे रदरफोर्ड यांनी त्याच वर्षी जाहीरपणे लिहिले.

टेल्युरियमचे कोडे सुटायला मात्र वेळ लागला. एकाच मूलद्रव्याचे अणू वेगवेगळ्या वजनांचे असू शकतात, ही समस्थानिकांची कल्पना फ्रेडरिक सॉडी यांनी १९१३ मध्येच मांडली होती. वजनातला फरक कशाने पडतो हे कळले ते १९३२ मध्ये, जेम्स चॅडविक यांना न्यूट्रॉन सापडल्यावर. आयोडीनच्या केंद्रकात ५३ प्रोटॉन आणि ७४ न्यूट्रॉन असतात. टेल्युरियममध्ये प्रोटॉन एकाने कमी, ५२ च. पण निसर्गातल्या त्याच्या निम्म्याहून अधिक अणूंत न्यूट्रॉन ७६ किंवा ७८ असतात. आर्गॉनची गोष्ट अधिकच सुंदर आहे. हवेतला जवळजवळ सगळा आर्गॉन खडकांमधल्या किरणोत्सारी पोटॅशियमच्या विघटनातून तयार झालेला असतो. त्याच्या केंद्रकाचे ४० हे वजन पोटॅशियमकडूनच आलेले आहे.

आणि ७२? ही जागा दुर्मीळ मृदा धातूचीच, असे उर्बां यांचे म्हणणे होते. बोर यांनी इलेक्ट्रॉनांची कवचे कशी भरत जातात याचा हिशेब मांडला आणि वेगळे उत्तर दिले. दुर्मीळ मृदा धातूंमध्ये नवा इलेक्ट्रॉन बाहेर न बसता आतल्या एका कवचात बसतो, म्हणून ते सगळे सारखे. आतली १४ घरे ७१ व्या ल्युटेशियमपाशी भरून संपतात. मग ७२ व्या मूलद्रव्याचा इलेक्ट्रॉन बाहेर यायला हवा आणि ते झिर्कोनियमसारखे वागायला हवे. तसे असेल, तर ते झिर्कोनियमच्या खनिजातच शोधायचे. कोपनहेगनला डिर्क कॉस्टर आणि जॉर्ज द हेव्हेशी यांनी झिर्कॉन घेतला, मोस्लेच्या पद्धतीने क्ष-किरण तपासले, आणि ७२ च्या रेषा मिळाल्या. डिसेंबर १९२२ मध्ये स्टॉकहोमला नोबेल व्याख्यान देताना बोर यांनी ही बातमी जाहीर केली. कोपनहेगनच्या लॅटिन नावावरून त्या धातूला हाफ्नियम म्हटले गेले. सारणीतल्या ओळी २, ८, ८, १८, १८, ३२ अशा लांबत का जातात, याच्या स्पष्टीकरणाचा पाया वोल्फगांग पाउली यांच्या १९२५ च्या तत्त्वाने घातला.

इतकी वर्षे हाफ्नियम कुणाला दिसले नाही, याचे कारणही अणूच्या रचनेत आहे. आतल्या १४ इलेक्ट्रॉनांकडून केंद्रकाचा प्रभार पुरता झाकला जात नाही, त्यामुळे अणू आवळला जातो आणि जवळजवळ झिर्कोनियमच्याच आकाराचा होतो. बाहेरचे इलेक्ट्रॉन सारखे, आकार सारखा, म्हणून रासायनिक वागणूकही सारखी. झिर्कॉनच्या प्रत्येक दाण्यात दोघे मिसळलेले असतात. केंद्रके मात्र पार वेगळी. हाफ्नियमची घनता झिर्कोनियमच्या दुप्पट आहे आणि संथ न्यूट्रॉन तो शेकडो पटींनी अधिक शोषतो. पालघर जिल्ह्यातल्या तारापूरच्या अणुभट्ट्यांत युरेनियम इंधन झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या नळ्यांत भरलेले असते, कारण झिर्कोनियम न्यूट्रॉनांना वाट देतो. त्यात हाफ्नियम राहिले, तर इंधनाला लागणारे न्यूट्रॉन नळीच गिळून टाकील. म्हणून अणुभट्टीसाठी झिर्कोनियम तयार करताना सर्वांत अवघड टप्पा असतो तो ७२ व्या मूलद्रव्याला ४० व्यापासून वेगळे करण्याचा, आणि हाफ्नियमचे प्रमाण दहा लाखांत १०० भागांच्या खाली आणल्याशिवाय तो धातू नळीसाठी वापरला जात नाही.