उदरातील पू आणि हवेत न वाढणारे जंतू

आतड्यात निरुपद्रवीपणे नांदणारे जंतूच आतडे फुटताच उदरात पू उत्पन्न करतात. एशेरिखने १८८५ मध्ये वर्णिलेला कोलाय दंडाणू हवेत सहज वाढे. म्हणून दोष बहुतांशी त्याच्याच माथी आला. १८९८ मध्ये पॅरिस येथे व्हेयों व झ्युबेर यांनी आंत्रपुच्छदाहाच्या पुवाचे संवर्धन हवा वगळून केले, तेव्हा निराळेच जंतू विपुल आढळले. तरीही पुढे कित्येक दशके बहुतेक प्रयोगशाळा हवेतच संवर्धन करीत राहिल्या आणि दुर्गंधीयुक्त पुवावरही ‘जंतू नाहीत’ असा शेरा पडे. (नाकाला कळे ते परीक्षानळीला कळत नसे!) १९७५ च्या सुमारास उंदरांवर प्रयोग झाले. जेंटामायसिनने मृत्यू घटले, पण गळवे राहिली. क्लिंडामायसिनने गळवे घटली, पण मृत्यू होतच राहिले. दोन्ही औषधे एकत्र दिल्यावरच दोन्ही संकटे आटोक्यात आली.